दुसऱ्याच्या वाटचं बोलणं

दोघांनी मिळून एक गोष्ट लिहायची म्हटलं की माणसं पहिल्यांदा भांडतात ती शेवटावरून. कोण मरणार, कोण जिंकणार, लग्न होणार की मोडणार. हा खेळ मी पुष्कळ वर्षं खेळले, पुढे इतरांकडून खेळवूनही घेतला, पण शेवट आधी ठरवून बसलेल्या जोडीची गोष्ट चांगली झालेली मला आठवत नाही. शेवट ठरला की कुणी कुणाचं ऐकत नाही. दोघंही आपापलं म्हणणं काखोटीला मारून तिकडे धावत सुटतात. ही अक्कल मला पुस्तकातून आली नाही. ती आली आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकांमुळे, आणि तीही मी त्यांच्यावर बरीच चिडचिड करून झाल्यावर.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. मी आईवडिलांबरोबर जुईनगरला राहायचे आणि पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याच्या कचेरीत टायपिंग करायचे. मराठी घेऊन बी.ए. झाले होते, त्यामुळे आपल्याला लिहिता येतं असा माझा ठाम समज होता. कचेरीत एका बाजूनं छापून वाया गेलेले कागद ढिगानं पडलेले असत. ते मी घरी आणायची आणि पाठकोऱ्या बाजूवर काहीबाही लिहायची.

गावठाणात एका बाईंच्या घराच्या तळमजल्यावर वाचनालय होतं. बाई तिथल्याच. त्यांच्या सासरची शेतं शहराखाली गेली, त्या जागी दुमजली घर आलं, वर भाडेकरू आले. पण खालची एक खोली बाईंनी हट्टानं भाड्यानं दिली नाही. तिथं पुस्तकं मांडली. स्वतः खिडकीशी बसून भाजी निवडत निवडत वाचायच्या आणि पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला, त्यानं ते खरंच वाचलंय का, हे आडून आडून विचारायच्या. मला त्यांची थोडी भीती वाटायची.

पात्रांचा खेळ ही बाईंचीच कल्पना. संक्रांत झाली की वाडग्यातल्या चिठ्ठ्या काढून जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडीला एक प्रसंग आणि दोन पात्रं. एका रविवारी एकानं आपल्या पात्राच्या तोंडून एक पान लिहायचं, ते पान भिंतीवरच्या फळ्याला टाचणीनं लागायचं. पुढच्या रविवारी दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. असं पाडव्याच्या आधीच्या रविवारपर्यंत चालायचं. मग वाचणाऱ्यांनी आवडलेल्या जोडीच्या डब्यात एक एक चिंचोका टाकायचा. नियम एकच होता आणि तो बाई दर वर्षी बोट वर करून सांगायच्या. "येकानं येकाचाच बोलाचा. दुसऱ्याचे तोंडात आपला शब्द घातला का जोडी बाद."

त्या वर्षी माझ्या वाट्याला वरचे काका आले.

काका मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलाईचं काम करायचे. उजाडायच्या कितीतरी आधी जायचे, दुपारी येऊन झोपायचे आणि संध्याकाळी वाचनालयात पेपर वाचायला बसायचे, तो अगदी हवामानापर्यंत. पुस्तकाला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. त्यांनी खेळात नाव का दिलं हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, कारण ते त्यांनी स्वतःच माझ्या आईला सांगितलं होतं. पहिलं बक्षीस म्हणून भांडीवाल्यानं दिलेला कुकर बाईंच्या कपाटात काचेमागं ठेवलेला होता. "त्यो कुकर मिळाला, तर तिला बोलवाय निमित्त हुईल," काका म्हणाले होते.

ती म्हणजे काकी. सोडतीत घर लागलं तेव्हा काकांनी काकींना गावाहून आणलं. पावसाळाभर त्या इथं राहिल्या आणि दिवाळीला गावी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. भांडण झालं नव्हतं, आवाज चढला नव्हता. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "तिला हितली हवा मानवत न्हाय." काकींच्या तोंडून यातलं काहीच कुणी ऐकलं नव्हतं. एकंदरीत काकींच्या तोंडून कुणी फारसं काही ऐकलंच नव्हतं. त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा आईनं विचारलं, "काकी, चहा टाकू ना?" तर काका म्हणाले, "ती चहा घेत न्हाय." आईनं विचारलं, बाजार सापडला का? "सापडला की, काय अडचण न्हाय तिला," हेही काकाच. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मग एका दुपारी काका झोपलेले असताना त्या एकट्याच खाली आल्या, आईच्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि दोन कप चहा प्यायल्या. दुसरा त्यांनी मागून घेतला.

वाडग्यातून आम्हाला प्रसंग आला तो, नव्या घरात राहायला आलेल्या नवरा-बायकोचा. मग पात्रांच्या चिठ्ठ्या. मला नवरा आला आणि काकांना बायको. वाचनालयात हशा पिकला. काका म्हणाले, "बाई, हे बदलून द्या. मला बाईमानसाचं काय कळतंय?" बाईंनी वाडगा उपडा केला. "आली ती आली," त्या म्हणाल्या.

पहिलं पान माझं होतं. मी झोकात लिहिलं. माझा नवरा वळकट्या खांद्यावर टाकून जिना चढला, कुलूप उघडलं, भिंतीच्या नव्या चुन्याचा वास घेतला आणि बायकोकडे वळून म्हणाला, "कसं वाटलं घर?" तिथं मी पान संपवलं. पुढच्या रविवारी काकांनी आपलं पान आणलं. पोत्यावर नाव घालावं तशी मोठाली अक्षरं. मी घर बघितले. घर चांगले आहे असे मी म्हणाले. मग ते म्हणाले आता चहा कर. मी चहा केला. त्यांनी पिला. ते म्हणाले चहा चांगला झाला. मग ते झोपले.

एका पानात माझा नवरा बोलला, चहा प्यायला, चहाचं कौतुक केलं आणि झोपलासुद्धा. मला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. बाईंनी पान वाचलं, घडी घातली आणि काकांच्या हातात परत दिलं. म्हणाल्या, पहिलाच डाव आहे म्हणून सोडते, आठवड्यात नवीन आणा.

मी त्यांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलं. माझं डोकं तापलेलं होतं.

"काका, माझा नवरा चहा पितो की नाही, ते मी ठरवणार."

"पितोच की. कोन न्हाय पीत?"

"पीत असेल. पण ते तुम्ही लिहायचं नाही."

"मग माझी बाई चहा करून काय करनार?"

"कप त्याच्यापुढे ठेवणार. आणि तिथं तुम्ही थांबणार."

"थांबून काय करायचं?"

"थांबायचं, काका."

ते कपाळाला आठ्या घालून बसले. मग समजुतीच्या सुरात मला म्हणाले, "पोरी, नवरा-बायकोत एकानं बोललं की झालं. दोघांनी बोलून काय निष्पन्न हुतंय?" आई भाजी चिरत होती. तिनं विळीवरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

तासभर खटपट करून त्यांनी पान लिहिलं. बायको घरभर फिरली, खिडकी उघडून पाहिली, स्टो पेटवला, चहा केला आणि कप नवऱ्यापुढे ठेवला. इथं काकांचा हात वळवळायला लागला. पुढचं वाक्य त्यांच्या पेनाच्या टोकावर आलेलं मला दिसत होतं. मी कागद ओढून घेतला.

आणि मग मजा झाली. मंगळवारी मी कामावरून येत होते. काका जिन्यात उभे होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी हळूच विचारलं, "प्याला का?"

"काय?"

"त्यानं. चहा."

मी म्हटलं, रविवारी फळ्यावर वाचा. ते बरं म्हणाले आणि वर गेले. गुरुवारी आईला विचारून पाहिलं, तिला काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही आणि ते येईपर्यंत वाट पाहायची आहे, असा प्रसंग त्या माणसावर बहुधा प्रथमच आला असावा. ते बेचैन झाले होते, आणि मला वाटतं त्यांना ते आवडतही होतं.

मी माझ्या नवऱ्याला तो चहा पिऊ दिला नाही. तो वळकटीला टेकून बसल्या बसल्या झोपी गेला आणि चहा तसाच निवला. रविवारी काकांनी फळ्यासमोर उभं राहून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"झोपला?" ते म्हणाले.

"दमला होता बिचारा."

"आगं, पन तिनं केला हुता की."

ते खरंच दुखावले होते. मी हसले, पण घरी जाताना मला ते सारखं आठवत राहिलं. तोपर्यंत ती बाई त्यांच्या दृष्टीनं चिठ्ठीवर आलेली एक कटकट होती. त्या दिवशी तिचा चहा निवला, आणि ती त्यांची झाली.

त्यानंतर काका सुधारले. लेखक झाले असं नाही, अक्षरं पोत्यावरचीच राहिली, पण ते थांबायला शिकले. त्यांची बायको एखादी गोष्ट करायची, एखादं वाक्य बोलायची आणि पान संपायचं. उरलेलं पान कोरं. त्या कोऱ्या जागेवर मला काय लिहू आणि काय नको असं होऊन जायचं. समोरच्याला घ्यायला काहीतरी पुढे करायचं आणि हात मागं घ्यायचा, हे इतकं साधं काम आहे, पण बाकीच्या जोड्यांना ते जमत नव्हतं. एका शाळेतल्या दोन शिक्षिका फार दिवसांनी भेटलेल्या दोन मैत्रिणी झाल्या होत्या. त्या इतक्या गोड होत्या की प्रत्येक पानात एकमेकींचं म्हणणं पटून जायचं आणि गोष्ट होती तिथंच. एक निवृत्त बँकवाले आणि त्यांचे जावई फौजदार आणि चोर झाले होते. सासऱ्यांनी चोराला पकडायचं आणि पुढच्या रविवारी जावयानं त्याला पळवायचं, असं ते महिनाभर चाललं होतं. घरी त्यांचं बोलणं बंद झालंय अशी बातमी होती.

मधल्या एका रविवारी मी लिहिलं होतं की नवरा कामावर गेला. बास, एवढंच. पुढं काकांची पाळी. त्यांना त्या बाईचा दिवस लिहायचा होता, आणि ते अडले.

"दिवसभर करती काय ती?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय माहीत? बाई तुमची आहे."

मार्केटला सुट्टी होती त्या दिवशी काका झोपले नाहीत. गावीही गेले नाहीत, मार्केटातल्या मित्रांकडेही नाही. दार लावून घरात बसून राहिले. संध्याकाळी ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आईला वाटलं ताप आलाय.

"पोरी," ते म्हणाले, "जेवान झाल्यापासून ऊन उतरंपर्यंत त्या घरात कायच हुत न्हाय. कायच न्हाय. नळाला पानी येतंय, तेवढाच आवाज. मी सारखा नळाकडं बगत बसलो हुतो, कवा येतंय म्हनून."

मी म्हटलं, हेच लिहा. त्यांनी तेच लिहिलं, जवळजवळ तसंच. बायको म्हणते, भांडी घासून झाली, आता काही राहिलं नाही, मी नळाखाली रिकामी कळशी लावून तिच्याजवळ बसले आहे, पाणी आलं की कुणीतरी आल्यासारखं वाटेल. ते पान फळ्यावर लागलं त्या रविवारी वाचनालयात नेहमीची बडबड नव्हती. दोघीतिघी बायका पान वाचून न बोलता निघून गेल्या. मला काकांचा हेवा वाटला, हेही सांगून टाकते. मी बी.ए. आणि कळशी त्यांची.

मग मी जरा वाहवत गेले. असा फळा हाती लागल्यावर माझ्या नवऱ्याला मी खलनायक करायला घेतलं. तो खेकसायला लागला, ताट ढकलायला लागला. लिहायला फार सोपं असतं ते, आणि वाचणारे च्च् च्च् करतात म्हणून गोडही लागतं. काका एकदा नम्रपणे म्हणाले, "त्यो येवढा वाईट नसंल गं." मी लक्ष दिलं नाही. पण बाईंनी मला पुस्तक देता देता थांबवलं. "त्याला नुसता वरडाया लावतंस," त्या म्हणाल्या, "मंग तिनं रडाशिवाय कराचा काय? तिला कायतरी कराला दे ना." आणि पुढच्या माणसाचं पुस्तक बघायला लागल्या.

मी घरी येऊन लिहिलेलं पान फाडलं.  मग मी नवऱ्याला दारातून आत आणलं, चपला काढायला लावल्या, बायकोच्या शेजारी त्या कळशीपाशी जमिनीवर बसवलं आणि त्याच्या तोंडी एकच प्रश्न घातला. "तुला इथं काय पाहिजे?"

ते पान लागलं आणि शेवटचा रविवार तेवढा राहिला. त्या रविवारी काकांचं पान लागायचं, मग चिंचोके. आमच्याबद्दल लोक बोलू लागले होते. भांडीवालासुद्धा एकदा येऊन वाचून गेला होता. कुकर आमच्या जोडीला जाणार असं आईनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

काकांना लिहिता येईना. सोमवार गेला, बुधवार गेला. मी वर जाऊन पाहिलं तर पाठकोरा कागद समोर, पेनाला टोपण.

"काय म्हनंल ती?" त्यांनी मला विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं. रात्रीच लिहून ठेवलं होतं, अंगण, कडुनिंब, दारापुढची रांगोळी, सगळं घालून. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या कोऱ्या कागदासमोर बसलेल्या काकांना पाहिल्यावर मला ते दाखवावंसं वाटेना. इतके दिवस मी त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते की दुसऱ्याच्या पात्राचं बोलायचं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

"मला ठावं न्हाय." मग पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत म्हणाले, "आयची शपथ, मला खरंच ठावं न्हाय. इतकी वर्सं झाली."

 ते कुठल्या बाईबद्दल बोलत होते हे विचारायची गरज नव्हती. मी खाली निघून आले. शनिवारी काका मार्केटातून परस्पर एसटीनं गावी गेल्याचं आईकडून कळलं. आदल्या संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा तिला एवढंच म्हणाले होते, "इचारून येतो."

रविवारी संध्याकाळी वाचनालय भरलं होतं. बाकीच्या जोड्यांची शेवटची पानं लागली. चोर शेवटी फौजदाराचा हरवलेला भाऊ निघाला आणि सासरे-जावई दोघंही एकमेकांकडे रागानं पाहत उभे राहिले. मैत्रिणी स्टेशनवर एकमेकींचा निरोप घेताना फार सुंदर रडल्या. आमच्या जागी नुसता कोरा कागद टाचलेला होता. दिवे लागायच्या वेळी काका आले. त्यांच्या हातात पान नव्हतं. मागं काकी होत्या, हातात गाठोडं, पायांत नव्या चपला.

काय झालं होतं ते नंतर कळलं. काकांनी गावी जाऊन सरळ सांगायला सुरुवात केली होती, की एक बाई आहे, नव्या घरात आलीय, तिचा नवरा तिला विचारतोय, तर तिनं काय सांगावं? काकींनी मध्येच विचारलं, "कोन बाई?" काका समजावून सांगू लागले तसं ते जास्तच घोटाळ्याचं होत गेलं. तेव्हा काकींनी गाठोडं बांधलं. ही कोण बाई आहे ती एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून त्या आल्या होत्या.

बाईंनी त्यांना फळ्यासमोर नेलं. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. माझं पान, काकांचं पान, माझं पान. निवलेल्या चहापाशी बोट थोडं थांबलं.  काका त्यांच्या मागं, हात पाठीशी धरून, शाळेतल्या मुलासारखे.

"काकी, कसा वाटला?" बाईंनी विचारलं.

काकांचं तोंड उघडलं. मी पाहिलं ते. आत्ता ते म्हणणार, तिला आवडलं. पण त्यांनी तोंड मिटलं आणि काकींच्या मानेकडे पाहत राहिले.

काकींनी बोट ओळीवरून काढलं. "मी अशी बोलत न्हाय," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. काकांचे कान लाल झाले. काकींचं बोट पुन्हा वर गेलं आणि त्या कळशीच्या पानावर टेकलं. "पर हे बरोबर हाय. नळाचं. हे तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय," काका म्हणाले. "बसलो हुतो मी. एक दिवस. तुज्या जाग्यावर."

काकींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.  मग त्या माझ्या शेवटच्या पानाकडे वळल्या, प्रश्न वाचला आणि बाईंपुढे हात केला. बाईंनी पेन दिलं. फळ्यावर आमच्यासाठी लावलेल्या कोऱ्या कागदावर काकींनी उभ्यानंच लिहिलं. पेन नीट उठत नव्हतं, म्हणून अक्षरं गिरवून पुन्हा काढली. बाजूला झाल्या तेव्हा आम्ही वाचलं.

पहाटे जाताना मला उठवा. दार मी लावीन.

काकांनी ते वाचलं. मग ते कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, "झोपमोड नगं म्हनून मी आवाज न करता जात हुतो. लॅच हळूच वढायचो. मला वाटलं, तिला बरं."  गावी असताना काका कुठंही जायला निघाले की त्या आधी उठायच्या, पाणी तापवायच्या, चहा करायच्या आणि दारात उभ्या राहायच्या, हे आम्हाला पुढे कधीतरी कळलं. इथं त्या रोज जाग्या व्हायच्या त्या रिकाम्या अंथरुणाशेजारी, आपोआप लागलेल्या दारामागं.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. माझं अंगण, माझा कडुनिंब, सगळं त्या दोन ओळींपुढे फुकट होतं.

बाईंनी घसा खाकरला. "तिसऱ्याचा हात लागला," त्या म्हणाल्या. "जोडी बाद." नियम म्हणजे नियम. कुणी कुरकुर केली नाही, मीसुद्धा नाही. बाद जोडीच्या डब्यात चिंचोका टाकून काही उपयोग नव्हता, तरी काही जणांनी टाकले, आणि बाईंनी ते काढून टाकले नाहीत. कुकर शिक्षिकांना मिळाला.

त्या रात्री दोघं आमच्याकडे जेवायला होती. काका म्हणाले, "कुकर गेला गं. तुज्यासाठी म्हनून येवढं क्येलं."

"मला कशाला?" काकी म्हणाल्या. "मला कुकरातला भात आवडत न्हाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. जेवण झाल्यावर आईनं विचारलं, "मग काकी, आता राहणार ना इथंच?" काका उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले, एवढंच त्यांना जमण्यासारखं होतं. काकींनी हातातली सुपारी कातरून संपवली. "बगू," त्या म्हणाल्या.

पुढे मी त्याच वाचनालयात बरीच वर्षं हा खेळ घेतला. नव्या जोड्या यायच्या, शेवटावरून भांडायच्या. मी त्यांना म्हणायची, शेवट राहू दे, आधी चहाचा कप पुढे ठेवा आणि थांबा. त्यांना वाटायचं, या बाई काहीतरी कोड्यात बोलतायत.

पण त्या पाडव्यानंतरचं एक सांगायचं राहिलं. दुपारसारखं पहाटेही पाणी यायचं, म्हणून आई आमच्यात सगळ्यांच्या आधी उठायची. आधी काय व्हायचं, की वर लॅच टक्कन वाजायचा आणि काकांची पावलं चोरासारखी जिना उतरत जायची. एके दिवशी ती मला म्हणाली, आता तसं होत नाही. आता आधी भांड्यांचा आवाज येतो, मग दोघांचं काहीतरी बोलणं, मग पावलं. ती पावलं तीन जिने उतरून खाली फाटकाशी पोचतात, फाटक वाजतं, आणि त्यानंतर वर दाराची कडी लागते.